मोजपट्टी तशी मोटार : कंपनीच्या गाडीवरील कराचा ब्रिटिश इतिहास

१/
ब्रिटनचे करवर्ष ५ एप्रिलला संपते. १९८० च्या दशकात वर्षअखेर जवळ आली की तिथल्या अनेक विक्री प्रतिनिधींचे लक्ष ग्राहकांपेक्षा गाडीच्या मैलमापकाकडे अधिक असे. जे काम दूरध्वनीवर उरकले असते, त्यासाठीही दौरा काढणे फायद्याचे ठरे. कंपनीने दिलेल्या गाडीने कामानिमित्त वर्षात १८,००० मैल, म्हणजे सुमारे २९,००० किलोमीटर पूर्ण केले की त्या गाडीपोटी भरावा लागणारा प्राप्तिकर निम्मा होई. थोडक्यात, जास्त पेट्रोल जाळणाऱ्याला सरकार बक्षीस देत होते.

२/
ही विसंगती एखाद्या कारकुनाच्या चुकीतून आलेली नव्हती. तिच्या मुळाशी जवळपास शंभर वर्षे जुना प्रश्न होता. मालकाने नोकरदाराला रोख पैसा न देता एखादी सोय दिली, तर ती उत्पन्न मानावी का? मानली तर तिची किंमत कशाने मोजावी? कंपनीच्या गाडीच्या निमित्ताने ब्रिटिश सरकारने या प्रश्नाची वेळोवेळी वेगळी उत्तरे दिली आणि प्रत्येक उत्तराबरोबर रस्त्यावरच्या गाड्याही बदलल्या. त्या बदलांचा हा इतिहास.

३/
आरंभ मोटारीने नव्हे, एका घराने होतो. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर माँट्रोज नावाचे बंदर आहे. तिथल्या बँक शाखेचे प्रमुख टेनंट हे बँकेच्याच इमारतीत विनाभाडे राहत. तिथे राहणे हा त्यांच्या नोकरीचाच भाग होता. ती जागा दुसऱ्याला भाड्याने देण्याची मुभा त्यांना नव्हती. त्यांचे उत्पन्न ४०० पौंडांच्या आत असल्याने त्यांना करसवलत मिळायला हवी होती. करखात्याने घराचे ५० पौंड उत्पन्नात मिळवले, बेरीज ४०० च्या वर गेली आणि सवलत नाकारली गेली. वाद हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत पोहोचला.

४/
१८९२ मध्ये निकाल टेनंट यांच्या बाजूने लागला. न्यायाधीशांचे म्हणणे असे की, ज्या सोयीचे पैशात रूपांतर करता येत नाही, ती करपात्र उत्पन्न नव्हे. खिशात पडलेल्या पैशावर कर लागेल. खिशातून जायचा वाचला त्यावर नाही. त्या काळी मोटारी जवळपास नव्हत्याच. परंतु पुढे कंपनीच्या गाडीला जे संरक्षण मिळाले, त्याचा पाया याच निकालाने घातला. गाडी कंपनीच्या मालकीची, नोकरदाराला ती विकता येत नाही, मग तिचे उत्पन्न शून्य.

५/
हे तत्त्व किती टोकाला जाऊ शकते, हे १९६१ च्या एका खटल्यात दिसले. एका कंपनीने नाताळची भेट म्हणून कर्मचाऱ्याला कोट-पँट दिली. तिचे बिल १४ पौंड १५ शिलिंग. पण एकदा अंगाच्या मापाने घेतलेला कपडा जुन्या बाजारात विकायचा म्हटले तर फार तर ५ पौंड येणार. न्यायालयाने ५ पौंडांवरच कर धरला. मालकाचा खर्च किती झाला याला महत्त्व नव्हते. नोकरदाराच्या हाती किती पैसा येऊ शकतो, एवढेच मोजले गेले.

६/
मधल्या काळात दुसरे महायुद्ध होऊन गेले होते. युद्धखर्चासाठी प्राप्तिकराचा प्रमाण दर पौंडामागे १० शिलिंग, म्हणजे ५० टक्के झाला. अतिश्रीमंतांच्या सर्वांत वरच्या उत्पन्नावर तो ९७.५ टक्क्यांपर्यंत गेला. अशा दरांत पगारवाढीला अर्थ उरत नाही. मग कंपन्या संचालकांना पगाराऐवजी सोयी देऊ लागल्या. घर, जेवणावळी, प्रवास आणि मोटार. याउलट खाणीत वा गिरणीत काम करणाऱ्याचा सारा मोबदला रोख असे आणि त्यावरचा कर पगारातूनच कापला जाई.

७/
१९४८ मध्ये मजूर पक्षाचे अर्थमंत्री स्टॅफर्ड क्रिप्स यांनी या पळवाटेला बांध घातला. हे तेच क्रिप्स, जे १९४२ मध्ये भारतात स्वातंत्र्याविषयीचा प्रस्ताव घेऊन आले होते. नव्या तरतुदीनुसार कंपनीचे संचालक आणि वर्षाला २,००० पौंड वा अधिक मिळवणारे कर्मचारी यांना मिळालेल्या सोयी करपात्र ठरल्या. २,००० पौंड ही त्या काळी फार मोठी रक्कम होती. त्याखालील सर्वांना १८९२ चेच तत्त्व लागू राहिले.

८/
गाडीच्या बाबतीत मात्र हा बांध पाझरत राहिला. गाडीचा कामासाठी वापर किती आणि घरच्यांसाठी किती, हे ठरवायचे कोणी? नोकरदार एक अंदाज सांगे, कर निरीक्षक दुसरा, आणि तडजोडीने तिसराच आकडा कागदावर येई. शनिवारी मुलांना घेऊन समुद्रकिनारी गेलेली गाडी वाटेत एखाद्या ग्राहकाच्या दारी थांबली, तर ती सहल की काम? प्रत्येक गाडीमागे असा वाद घालण्याइतकी माणसे करखात्याकडे नव्हती.

९/
१९७० च्या दशकात या पाझराचा लोंढा झाला. १९७४ मध्ये अर्थमंत्री डेनिस हीली यांनी कमावलेल्या उत्पन्नावरील सर्वोच्च दर ८३ टक्के केला. त्या टप्प्यावरच्या व्यवस्थापकाला १,००० पौंडांची वाढ दिली, तर त्याच्या हाती १७० पौंड पडत. त्याच १,००० पौंडांत कंपनीने त्याला गाडी पुरवली आणि करखात्याने तिची किंमत निम्मीच धरली, तर ८३ टक्क्यांनी कर ४१५ पौंड होई; म्हणजे ५८५ पौंडांचा लाभ त्याच्यापाशी उरे. कर जितका चढा, तितकी गाडी अधिक गोड.

१०/
त्यात महागाईची भर पडली. ऑगस्ट १९७५ मध्ये ब्रिटनमधील महागाईचा दर जवळपास २७ टक्क्यांवर गेला. तिला आवर घालण्यासाठी सरकारने पगारवाढीवर मर्यादा आणली: आठवड्याला जास्तीत जास्त ६ पौंड, आणि वर्षाला ८,५०० पौंडांहून अधिक मिळवणाऱ्यांना काहीही नाही. चांगला माणूस टिकवायचा कसा, हा प्रश्न प्रत्येक कंपनीपुढे उभा राहिला. रोख पगारावर सर्वांचे लक्ष होते, गाडीवर तितकेसे नव्हते. त्यामुळे वाहनतळावर नव्या मोटारी उभ्या राहू लागल्या.

११/
या मोटारींनी कचेरीत एक नवी वर्णव्यवस्था उभी केली. फोर्ड कॉर्टिना ही त्या दशकातील बहुतेक वर्षे ब्रिटनमध्ये सर्वाधिक खपलेली गाडी. तिचा मोठा ग्राहक कंपन्या होत्या. तिच्या मागच्या बाजूस ‘एल’, ‘जीएल’ किंवा ‘गिया’ अशी अक्षरे असत. ‘एल’ कनिष्ठाला, ‘गिया’ वरिष्ठाला. पगाराचा आकडा गुप्त असे. अक्षरांची ती पट्टी मात्र शेजाऱ्यालाही वाचता येई. पुढे कंपनीच्या गाडीला हात लावणे सरकारला इतके अवघड का गेले, हे यावरून समजते.

१२/
१९७६ च्या वित्त कायद्याने वापराचा वाद मिटवण्याचा प्रयत्न केला. गाडीचे करमूल्य एका साध्या कोष्टकातून ठरू लागले. इंजिन १,३०० सीसीपर्यंत असेल तर एक रक्कम, १,८०० पर्यंत दुसरी, त्यापुढे तिसरी. फार महागड्या गाड्यांसाठी किमतीनुसार वेगळे टप्पे. ती रक्कम पगारात मिळवायची आणि तिच्यावर कर भरायचा. निरीक्षकाचे काम सोपे झाले. मात्र कोष्टकातील रकमा गाडीच्या खऱ्या लाभापेक्षा बऱ्याच कमी ठेवल्या होत्या.

१३/
कारखानदारांनी ते कोष्टक लक्षपूर्वक वाचले. १९८२ मध्ये आलेल्या फोर्ड सिएराचे १.८ लिटरचे इंजिन प्रत्यक्षात १,७९६ सीसीचे होते. सीमेच्या चार सीसी अलीकडे. १९८७ मध्ये सरकारने सीमा १,४०० आणि २,००० सीसीवर नेल्या. कंपन्यांना मोठ्या संख्येने विकल्या जाणाऱ्या गाड्यांत १.४ आणि २.० लिटर हीच रूढ मापे झाली. त्या सुमारास ब्रिटनमध्ये विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांपैकी निम्म्याच्या आसपास कंपन्यांच्या नावावर जात असल्याने कराचे कोष्टक साऱ्या बाजाराचाच साचा बनले.

१४/
मैलांचा नियमही याच व्यवस्थेतला. युक्तिवाद सरळ होता: जो कामासाठी फार फिरतो, त्याच्यासाठी गाडी ही चैन नसून अवजार आहे. म्हणून १८,००० मैलांवर कर निम्मा, आणि २,५०० मैलांच्या आत राहिल्यास दीडपट. हेतू न्याय्य होता. पण १७,४०० मैलांवर पोहोचलेल्या माणसासाठी उरलेले ६०० मैल म्हणजे केवळ पैसा होता. शिवाय ज्या रेल्वेने तो कामाला जाऊ शकला असता, तिचे तिकीट काढणे त्याला तोट्याचे ठरू लागले.

१५/
१९८८ मध्ये हुजूर पक्षाचे अर्थमंत्री नायजेल लॉसन यांनी प्राप्तिकराचा सर्वोच्च दर ६० वरून ४० टक्क्यांवर आणला आणि त्याच अर्थसंकल्पात गाड्यांच्या कोष्टकातील रकमा दुप्पट केल्या. दोन्ही निर्णयांची संगती होती: पगारावरचा कर हलका झाला, तेव्हा पगार लपवण्याचे कारणही कमी झाले. १९९१ पासून कंपन्यांनाही गाड्यांवर राष्ट्रीय विम्याचा हप्ता भरावा लागला. तोवर पगारावर तो लागे, गाडीवर नाही. फुकटपणाचा एक-एक पापुद्रा असा निघत होता.

१६/
१९९४ पासून इंजिनाची मोजपट्टी गेली आणि गाडीची जाहीर किंमत आली. नव्या गाडीची जी लिस्ट प्राइस, तिचे ३५ टक्के दरवर्षी उत्पन्नात धरायचे; मैलांनुसार सवलत कायम. कंपनीने गाडी विकत घेतली की लीजवर, म्हणजे ठरावीक वर्षांच्या भाडेकराराने घेतली, याला महत्त्व नाही. विक्रेत्याने कंपनीला किती सूट दिली, मासिक भाडे किती, हेही पाहायचे नाही. करखात्याचा प्रश्न एकच: या नोकरदाराला किती किमतीची गाडी वापरायला मिळते? लीजची गाडी घेणाऱ्या अनेकांचा आजही इथेच गोंधळ होतो. ते भाड्याचा हिशेब करतात, सरकार मूळ किमतीचा.

१७/
एप्रिल २००२ मध्ये मजूर पक्षाचे अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांचा सर्वांत मोठा बदल अमलात आला. मैलांची सवलत रद्द झाली. जाहीर किंमत कायम राहिली, पण तिचे किती टक्के धरायचे हे आता गाडीच्या धुराड्यातून दर किलोमीटरला किती ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, यावर ठरू लागले. १६५ ग्रॅमपर्यंत १५ टक्के, त्यापुढे दर ५ ग्रॅमला एक टक्का वाढ, कमाल ३५. ही १६५ ची रेषा दरवर्षी खाली आणण्याचेही आधीच जाहीर झाले होते.

१८/
परिणाम झपाट्याने दिसले. करखात्याच्याच मूल्यमापनानुसार कामानिमित्तच्या प्रवासात वर्षाला ३० कोटींहून अधिक मैलांची घट झाली. कंपनीच्या गाड्यांची संख्या चार वर्षांत सुमारे १६ लाखांवरून १२ लाखांवर आली. अनेकांनी गाडी परत करून रोख भत्ता पसंत केला. वर्षअखेरीचे निरर्थक दौरे संपले. त्या काळच्या करसुधारणांमध्ये पर्यावरणाच्या दृष्टीने यशस्वी म्हणून या सुधारणेचे नाव घेतले जाई, आणि ते अकारण नव्हते.

१९/
पण नवी मोजपट्टी एकच वायू मोजत होती. डिझेल इंजिन तितक्याच अंतरासाठी पेट्रोलपेक्षा कमी इंधन घेते, म्हणून त्याचा कार्बन डायऑक्साइड कमी. नायट्रोजनची ऑक्साइडे आणि सूक्ष्म कण मात्र त्या पिढीच्या डिझेल गाड्यांतून अधिक बाहेर पडत. सरकारला हे ठाऊक होते. म्हणूनच डिझेलवर ३ टक्क्यांचा अधिभार ठेवला होता. तो पुरला नाही. २००२ मध्ये कंपनीच्या गाड्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश डिझेलच्या होत्या. काही वर्षांतच त्या निम्म्यावर गेल्या.

२०/
पुढे १२० ग्रॅमच्या आतील गाड्यांसाठी १० टक्क्यांचा खास टप्पा आला, आणि बीएमडब्ल्यूसारख्या कंपनीने १०९ ग्रॅमची डिझेल गाडी बाजारात आणली. कागदोपत्री हवा स्वच्छ होत होती. एप्रिल २०१५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारला बजावले की शहरांतील नायट्रोजन डायऑक्साइडची पातळी कायद्याच्या मर्यादेत आणण्याची ठोस योजना करा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फोक्सवॅगनने चाचणीपुरते प्रदूषण कमी दाखवणारी आज्ञावली डिझेल गाड्यांत बसवल्याचे अमेरिकेत उघड झाले. प्रयोगशाळेतला आकडा आणि रस्त्यावरचा धूर यांतील अंतर जगापुढे आले.

२१/
मग सरकारने विजेकडे मोर्चा वळवला. शून्य उत्सर्जनाच्या गाड्यांवरील कर २०१० पासून पाच वर्षे शून्य होता. २०१५ पासून तो चढत जाऊन २०१९-२० मध्ये गाडीच्या किमतीच्या १६ टक्क्यांवर गेला. २०२०-२१ मध्ये तो पुन्हा शून्यावर आणला. नंतर १ आणि मग तीन वर्षे २ टक्के. त्याच वेळी प्लग-इन हायब्रिड गाड्यांसाठी नवा निकष आला: ती केवळ विजेवर किती मैल धावते. कारण चाचणीत स्वच्छ ठरणारी हायब्रिड चार्जच केली नाही, तर ती रस्त्यावर साधी पेट्रोल गाडीच असते.

२२/
हिशेब पाहिला की ओढ लक्षात येते. ४०,००० पौंडांची गाडी. ती सर्वाधिक प्रदूषण करणाऱ्या गटात असेल तर २०२४-२५ मध्ये ३७ टक्के, म्हणजे १४,८०० पौंड उत्पन्नात धरले जात. ४० टक्के दर लागू असलेल्या नोकरदाराला वर्षाला ५,९२० पौंड कर. तीच किंमत, पण गाडी विजेची. तर २ टक्क्यांनी ८०० पौंड उत्पन्न आणि कर ३२० पौंड. इतका फरक असताना आवडीनिवडीला फारशी जागा उरत नाही.

२३/
याच काळात लीजच्या गाडीचा एक जुना मार्ग नव्याने फुलला. कंपनी गाडी भाड्याने घेते आणि नोकरदार तितका पगार करकपातीपूर्वीच सोडून देतो. २०१७ मध्ये सरकारने अशा बहुतेक ‘पगार-त्याग’ योजनांचा करलाभ काढून घेतला. पण किलोमीटरला ७५ ग्रॅम वा त्याहून कमी उत्सर्जनाच्या गाड्या वगळल्या. केवळ प्राप्तिकर धरला, तर ४० टक्के दर भरणाऱ्याला १०० पौंड भाडे ६० ला पडते. २० टक्के भरणाऱ्याला ८० ला. किमान वेतनावरच्या कामगाराला तर ही वाट बंदच, कारण पगार किमान वेतनाखाली नेण्यास कायद्याची परवानगी नाही.

२४/
म्हणजे १९४८ चा प्रश्न पुन्हा दारात उभा आहे: ज्याचा मोबदला रोख आहे त्याने पूर्ण कर भरावा आणि ज्याला सोय मिळते त्याने कमी, हे न्याय्य आहे का? क्रिप्स यांच्यापुढचे उत्तर सोपे होते. आता दुसऱ्या पारड्यात शहराची हवा आहे. कंपन्यांच्या गाड्या काही वर्षांत जुन्या बाजारात येतात आणि सामान्य कुटुंबे त्या घेतात, असे सवलतीचे समर्थक सांगतात. तेही खरे आहे. पण त्या कुटुंबाच्या वाट्याला गाडी येते, करसवलत येत नाही.

२५/
या साऱ्याचा भारताशीही संबंध आहे. १८५७ नंतरची तूट भरून काढण्यासाठी जेम्स विल्सन यांनी १८६० मध्ये ब्रिटिश नमुन्याचा प्राप्तिकर इथे आणला. त्याच्याबरोबर हा प्रश्नही आला. २००५ मध्ये पी. चिदंबरम यांनी अशा सोयींचा कर थेट कंपन्यांवर टाकून पाहिला. २००९ मध्ये तो रद्द झाला. त्यानंतरच्या नियमांनुसार कंपनीच्या खर्चाने चालणाऱ्या आणि कामासाठी व घरासाठी वापरल्या जाणाऱ्या गाडीचे करमूल्य १.६ लिटरपर्यंतच्या इंजिनाला महिना १,८०० रुपये, त्यावर २,४०० रुपये आणि चालक असल्यास आणखी ९०० रुपये ठरले. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांतील ‘कार लीज’ योजना याच आकड्यांवर फोफावल्या. ही मोजपट्टी ओळखीची वाटावी; ती १९७६ च्या ब्रिटिश कोष्टकाची सख्खी बहीण आहे. १.५ लिटरची गाडी आठ लाखांची असो वा अठरा लाखांची, करमूल्य तेच.

२६/
ब्रिटनमध्ये विजेच्या गाडीचा दर २०२५-२६ मध्ये ३ टक्के झाला आणि २०२९-३० मध्ये तो ९ टक्के करण्याचे जाहीर झाले आहे. वरच्या उदाहरणातील ३२० पौंडांचे तेव्हा १,४४० होतील. आज तीन-चार वर्षांचा भाडेकरार करणाऱ्याला हा चढता जिना दिसतो आहे. त्यामागचा इतिहास मात्र क्वचितच कोणी पाहतो. माँट्रोजच्या त्या विनाभाड्याच्या घरापासून आजच्या चार्जिंगच्या खांबापर्यंत सरकारने मैल मोजले, सीसी मोजले, पौंड मोजले, ग्रॅम मोजले. जे मोजले त्याप्रमाणे लोकांनी गाड्या निवडल्या. जे मोजायचे राहिले, ते शहरातील माणसांच्या फुप्फुसांत गेले किंवा रोख पगारदाराच्या हिशेबात.